आवाजाचा इस्क्रू

बटण दाबलं आणि आप्पांच्या जागी एक रेडा बोलायला लागला. वाढवून सांगत नाही. जाड, ओढलेला, घशात चिखल भरल्यासारखा आवाज, आणि पुढचा शब्द येईपर्यंत मागचा विसरून जावा अशी त्याची चाल. हा आवाज ऐकायला गुरम्माअक्का, माझी थोरली बहीण, सकाळच्या एस.टी.नं मोहोळहून आली होती. येताना शेंगांची चटणी आणि कडक भाकऱ्यांची चवड आणली होती आणि देवासमोर बसावं तशी डोक्यावर पदर घेऊन टेपरेकॉर्डरसमोर बसली होती. आप्पांच्या घशाचं ऑपरेशन होऊन चार महिने झाले होते. गाठ काढताना डॉक्टरांना आवाजाची पेटीही काढावी लागली. तेव्हा आमच्या वडिलांचा जो काही आवाज या जगात शिल्लक होता तो या एका कॅसेटमध्ये होता, आणि ती मी भरली होती. अक्का आधी दचकली. मग माझ्याकडं बघून म्हणाली, "ह्यो कोन रे बसू?" बसू म्हणजे मी. मी म्हटलं, आप्पा. ती म्हणाली, "बंद कर ते. आप्पा न्हाय ह्यो. मेलेलं मानूस बोलल्यावानी वाटतंय." आणि मेलेलं माणूस समोरच्या खाटेवर जिवंत बसलं होतं, चार फुटांवर! आप्पांनी सगळं ऐकलं. गळ्यावरचा पांढरा रुमाल सारखा केला, उठले, चपला शोधायला नेहमीसारखा वेळ घेतला आणि बाहेर निघून गेले. रुद्राणी, माझी बायको, स्वयंपाकघराच्या दारात पिठाच्या हातानं उभी होती. तिनं सरळच विचारलं, "अहो, तुम्ही काही केलंत का त्या टेपला?"

केलं होतं. मी काही केलं नसताना लोक मला विचारतात तेव्हा मला संताप येतो, पण केलेलं असताना विचारतात तेव्हा त्याहून जास्त येतो. टेपरेकॉर्डर माझा नव्हताच. मी एका सहकारी संस्थेत हेडक्लार्क आहे आणि टेप संस्थेचा, म्हणजे चेअरमनचा. चेअरमननी तो मुंबईहून आणला तेव्हापासून माझ्या आयुष्याचं मातेरं झालं. पूर्वी सभेत मी चार ओळी टिपून घ्यायचो आणि इतिवृत्त तयार व्हायचं. आता चेअरमनचं सगळं भाषण टेपात भरायचं, टेप खांद्याला अडकवून घरी न्यायचा, तीन-तीन तास ऐकायचा आणि त्यातून ठराव वेचून काढायचे. तीन तासांत ठराव अकरा. बाकी सगळं "त्याचप्रमाणे" आणि "या ठिकाणी". दगडातून भात निवडणं म्हणतात ते हे. एकदा सेल बदलायला विजापूर वेशीत लालसाबच्या दुकानात गेलो होतो. तिथं माझं रडगाणं ऐकून लालसाब म्हणाला, "साहेब, ह्याच्या पोटात मोटार हाय. मोटारीच्या पाठीला भोक हाय, भोकात इस्क्रू हाय. इस्क्रू पिळला की तुमचा चेअरमन पळायला लागतो. इतकंच की." त्यानं पिळला. चेअरमन पळायला लागला. आवाज चिरका झाला, नाटकात बायकी पार्ट करणाऱ्या पोरासारखा, पण शब्द कळत होते आणि तीन तासांचं काम सव्वादोन तासांत आटपायला लागलं. पहिल्या दिवशी तर मी एकटाच हसलो. इतकी वर्षं लोकांचं बोलणं ऐकून घेण्यात माझा जो जीव गेला होता त्याचा कुणीतरी सूड घेऊन दिल्यासारखं वाटलं. सगळ्या माणसांच्या पाठीला असं भोक हवं होतं असं मी रुद्राणीला म्हणालो. ती काही हसली नाही.

सगळ्या माणसांच्या म्हणजे, खरं सांगायचं तर, आप्पांच्या. आप्पांचं बोलणं हा माझ्या लहानपणापासूनचा छळ आहे. त्यांनी वाक्य सुरू केलं की माणसानं आंघोळ करून यावं, क्रियापद अजून वाटेतच असायचं. "बसू... आज... मंडईत... मला..." आणि मग थांबायचं. कोण भेटलं, काय झालं, सांगा की! त्यांचं तोंड मोठं उघडायचं, ओठ प्रत्येक शब्दाला गोल व्हायचे, रुंद व्हायचे, समोर बहिरा बसल्यासारखे. शाळेतली पोरं त्यांची नक्कल करायची. मी पोरांशी भांडायचो आणि घरी येऊन आप्पांची वाक्यं पुरी करायचो. मंडईत कोण भेटला, सिद्धाप्पा? हं. काय म्हणाला, पाऊस नाही? हं, पुढं? पुढं पुढं तर मी दोन शब्दांवरूनच सगळं वाक्य ओळखायचो आणि ते चुकीचं असलं तरी आप्पा मान हलवून सोडून द्यायचे. हे बोलणं कापडगिरणीतून आलं होतं, हे मला माहीत नव्हतं असं नाही. एकतीस वर्षं ते साचाखात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर होते. पाचशे साचे एकदम चालत असताना कानाशी ओरडलं तरी ऐकू येत नाही, म्हणून तिथं सगळे ओठांनी बोलतात, आवाज न काढता, एकेक शब्द तोंडात नीट घडवून, पलीकडच्या साच्यावरच्या माणसाला वाचता यावा असा. पण गिरणी सुटली की माणसानं गिरणीचं तोंड बदलावं की नाही? आप्पांनी बदललं नाही. आणि आता तर कमालच. घरात त्यांचं एक अक्षर आम्हाला कळत नाही. रुद्राणीनं पाटी आणून दिली, पण आप्पांना लिहिणं सहीपुरतं येतं, ते पाटीवर सही करून परत देतात. मात्र संध्याकाळी सिद्धाप्पा, त्यांच्या खात्यातलाच जोडीदार, येतो आणि दोघं ओट्यावर बसून तासन्‌तास गप्पा मारतात. आवाज शून्य. नुसती तोंडं हलतात आणि मधूनच दोघं मांडीवर थापा मारून हसतात. मी दारातून येता-जाता बघतो आणि मला वाटतं, ही काय चेष्टा आहे! माझ्याच घरात, माझ्याच ओट्यावर, माझा बाप बोलतोय आणि मलाच ऐकू येत नाही.

एकदा मी सिद्धाप्पाला चिडून विचारलंही, काय एवढं बोलता? तो म्हणाला, "काय न्हाय, जुनंच. तू बस की हितं. कळतंय सगळं. तोंडाकडं बघाय लागतंय निस्तं." मी म्हटलं, मला कामं आहेत. होतीच.

कॅसेट भरायची कल्पना रुद्राणीची. ऑपरेशनच्या आधीच्या रविवारी ती म्हणाली, तुमच्या त्या टेपात आप्पांचा आवाज घेऊन ठेवा, नंतर हळहळाल. मला ते पटलं आणि पटलं म्हणूनच रागही आला, कारण त्या दिवशी चेअरमनच्या दोन कॅसेटी ऐकायच्या होत्या. तरी नवी कॅसेट आणली. आप्पा खाटेवर बसले, मी टेप त्यांच्याजवळ स्टुलावर ठेवला. भिंतीवर वर आईच्या हातचं, कोंड्याच्या टाक्यानं भरलेलं कापडावरचं चित्र आणि त्याच्या शेजारी लंबकाचं घड्याळ. आप्पांचा घसा तेव्हाच बसलेला होता, पण बोलले. चौदाव्या वर्षी मामाबरोबर केमहून रेल्वेत बसून सोलापूरला कसे आले, पहिल्या दिवशी साचाखात्याचं दार उघडल्यावर कान कसे बंद झाले, असं काहीबाही. मी मधून मधून घड्याळाकडं बघत होतो. भरून झाल्यावर जरासं लावून बघितलं, आवाज बरोबर वाटला. वाटणारच! ज्या वेगानं भरलं त्याच वेगानं वाजलं. इस्क्रू पिळलेला आहे हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं आणि असतं तरी त्यातलं शास्त्र मला कुठं माहीत होतं. मग ऑपरेशन, दवाखाना. दवाखान्याचं आणि माझं जमत नाही. वास आला की मला उलटं फिरावंसं वाटतं. चार वर्षांपूर्वी आई तशाच एका दवाखान्यात वारली, दुपारी तीनच्या सुमाराला, आणि मी तेव्हा ऑफिसात होतो असं घरातल्या सगळ्यांना माहीत आहे. आप्पांच्या वेळी मी दवाखान्यात रोज गेलो आणि रोज दहा मिनिटांत परत आलो. त्याच दिवसांत चेअरमनना आपलं भाषण पाहुण्यांना ऐकवायची हौस आली. पाहुण्यांपुढं ते चिरकले. दुसऱ्या दिवशी केबिनमध्ये माझी जी बिनपाण्यानं झाली ती झाली. मी तडक लालसाबकडं जाऊन इस्क्रू होता तसा करून आणला आणि चेअरमन पुन्हा चेअरमनच्या आवाजात बोलायला लागले. आप्पांचं काय झालं असेल हा विचार माझ्या डोक्याला शिवला नाही.

ते अक्काला घेऊन लालसाबकडं गेल्यावर कळलं. टेप तेव्हा पळत होता, म्हणून आवाज फितीवर लांब पसरून बसला. आता टेप चालतोय, म्हणून तो रडत रडत निघतोय. "मग पुन्हा पिळ ना तेवढाच," मी म्हटलं. लालसाब पेचकस कानामागं खोचून म्हणाला, "तेवढाच म्हंजी केवढा साहेब? मी काय खूण केली व्हती? अंदाजानं पिळला, अंदाजानं सोडला. तुमी सांगा, तुमचे वालिद हायत. बरोबर वाटलं की हात वर करा." इतकं सोपं होतं. त्यानं टेपचं पोट उघडलं, कॅसेट लावली, पहिली दोन मिनिटं पुन्हा पुन्हा वाजवत इस्क्रू केसभर केसभर फिरवायला लागला. रेड्याचा माणूस झाला, म्हाताऱ्याचा मधल्या वयाचा, मग जवान. मी हात वर केला. अक्का म्हणाली, "आगं बाई, हे काय आप्पा हायत? आप्पा असं तडातडा बोलत हुते व्हय? मागं घ्या जरा." लालसाबनं मागं घेतलं. तिनं हात वर केला. मला ते ओढल्यासारखं वाटलं. मी म्हटलं, थोडं पुढं. ती म्हणाली, थोडं मागं. भर दुकानात, सेल घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकांसमोर आम्ही बहीण-भाऊ बापाच्या आवाजावरून भांडायला लागलो. अक्का शेवटी डोळ्याला पदर लावून म्हणाली, "तू कदी त्यांचं पुरतं ऐकलास म्हनून सांगाय लागलास?" तिला काय जातंय बोलायला. मोहोळला बसून वर्षातून चार वेळा ऐकणाऱ्याला बाप गोडच लागतो. पण तोवर लालसाबनं इस्क्रू एवढ्या वेळा फिरवला होता की मलाही कळेनासं झालं. प्रत्येक जागा बरोबर वाटत होती आणि प्रत्येक जागा चूक. आप्पा किती वेगानं बोलत होते, हे मला माहीत नव्हतं. तीस-पस्तीस वर्षं मी त्या वेगावर चिडत आलो होतो आणि तो वेगच मला माहीत नव्हता! ज्या गोष्टीवर माणूस इतका चिडतो ती निदान त्याला नीट ठाऊक तरी असावी.  हा आवाज आता आपल्या हातून कायमचा गेला, आणि चेअरमनचे पाऊणेक तास वाचवण्यापायी गेला, असं अगदी स्वच्छ वाटलं, आणि टेप लालसाबकडंच ठेवून मी अक्काला घेऊन बाहेर पडलो.

अक्का संध्याकाळच्या गाडीनं गेली. जाताना म्हणाली, नीट झालं तर कळव, नाहीतर ते रेड्याचं मला ऐकवू नको.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात लालसाबचा निरोप आला. गेलो तर तो टेपला कान लावून बसलेला. मला म्हणाला, "साहेब, तुमचे वालिद बोलता बोलता थांबत्यात बगा." मी म्हटलं, ते मला सांगू नकोस. तो म्हणाला, "ऐका तर. मानूस गप झालं की ही मशीन आपोआप कान मोठे करती. मग बारीकसारीक समदं आत येतंय. थांबत्यात तितं मागं टक टक वाजतंय. घड्याळ हाय का घरात?" आहे म्हटलं, खाटेच्या वरच. "चालू हाय?" चालू आहे. लालसाब असा हसला की मला आधी काही उमगेना. "मग झालं की काम! भिंतीवरचं घड्याळ आन्‌ टेपातलं घड्याळ एकच. दोनी एका तालात येतील तितं इस्क्रू थांबवायचा. उद्या जुम्मा, दुपारी दुकान बंद. घरी येतो."  त्या थांबण्यांनी माझं रक्त आटवलं होतं. आप्पा सलग बोलणारे असते, माझ्यासारखे धडाधडा, तर त्या घड्याळाला कुठून फट मिळाली असती?

शुक्रवारी दुपारी मी अर्धी रजा टाकली. आप्पा खाटेवर, सिद्धाप्पा त्यांच्या पायाशी, लालसाब खाली सतरंजीवर टेपचं पोट उघडून, मी स्टुलावर. ऊन दारापर्यंत आलेलं. आम्ही आप्पांच्या बोलण्याकडं लक्षच देत नव्हतो, ते कधी थांबतात याची वाट बघत होतो. माझ्या आयुष्यात हे पहिल्यांदाच. थांबले की लालसाब बोट वर करायचा, टेपातली टक भिंतीवरच्या टकच्या मागं पडायची, तो इस्क्रू फिरवायचा. पुढचं थांबणं. आता टेपातली पुढं. परत मागं. असं कितीदा झालं कुणास ठाऊक, आणि मग एका थांबण्यात दोन्ही टकटकांची एकच झाली आणि एकच राहिली. लालसाबनं पेचकस काढून घेतला. पण त्याच्याही आधी आप्पांनी हात वर केला होता. टेपातले आप्पा बोलायला लागले, मामा, केमचं स्टेशन, डब्यातली गर्दी, आणि खाटेवरचे आप्पा मान हलवत ऐकायला लागले. सिद्धाप्पा आप्पांचं नाव घेऊन म्हणाला, "हां. ह्यो वीरभद्रप्पा."

तो आवाज संथ नव्हता. म्हणजे होता, पण एवढा नव्हता. एक साधा, जरा घोगरा, शब्द नीट ठेवणारा माणूस बोलत होता. ना अक्काचा आप्पा, ना माझा. आणि त्याच्या मधे मधे कुणीतरी दुसरा होता, बारीक, धारदार, कापत जाणारा. "हं. पुढं. हं हं. ते झालं, पुढं?" एवढ्या ओळखीचा आवाज, तरी मला क्षणभर वाटलं की हा अजून पळतोय, लालसाबला सांगावं, याचा इस्क्रू वेगळा पिळ. मी मान खाली घातली. साचाखातं संपलं, लग्न झालं, आई आली. मग टेपातले आप्पा म्हणाले, "बसू, तुझ्या आईचं... एक हाय... शेवटच्या दिवशी... दवाखान्यात..." आणि थांबले. घड्याळ, एकाच तालात, भिंतीवरचं आणि आतलं. सात ठोके मी मोजले. मग तो बारीक आवाज म्हणाला, "आप्पा, टेप संपली. आटपा आता." आणि आप्पा म्हणाले, "संपली व्हय? बरं. ऱ्हाऊ दे मग." खट्‌. नंतर नुसती खरखर.

हे मी विसरलो होतो. देवाशप्पथ विसरलो होतो. लालसाबनं टेपच्या काचेतून आत बघितलं, सिद्धाप्पानं बघितलं, आप्पांनी बघितलं. डावीकडच्या चाकावर फितीचं जाड वेटोळं तसंच होतं. अर्धीही संपलेली नव्हती. मला चेअरमनच्या कॅसेटी ऐकायच्या होत्या म्हणून मी खोटं बोललो होतो, आणि मशीननं ते नीट, योग्य त्या वेगात, तिघांसमोर वाजवून दाखवलं.  लालसाबनं बंद करायला हात पुढं केला, मी म्हटलं, राहू दे. मग आप्पांकडं वळून म्हटलं, "काय सांगत होता? आईचं काय?"

आप्पांनी तोंड उघडलं. सिद्धाप्पा लगेच म्हणाला, "तो म्हनतोय..." आप्पांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून त्याला गप्प केलं आणि माझ्याकडं बघून पुन्हा सुरुवात केली. मला कळेना. चीड आली, सवयीनं. वाक्य पुरं करायला जीभ वळवळली. मी ती दाताखाली धरली. "हळू, आप्पा," मी म्हटलं. "परत. हळू सांगा." ते शब्द माझ्याच तोंडातून आले यावर माझाच विश्वास बसेना. ओठ मिटले, रुंद झाले. *तुझी आई.* पुढच्यासाठी त्यांना चार वेळा तोंड हलवावं लागलं. *इचारत हुती.* मग, *बसू कुटं.* आप्पा थांबले, मी थांबलो. घड्याळ चालू होतं. *मी म्हनलं. भाईर हाय. येतोय.* मग त्यांनी स्वतःच्या छातीला बोट लावलं. *खोटं बोललो. ती दाराकडं बगत गेली.* चार वर्षं हा माणूस ते घेऊन बसला होता. मरणाऱ्या बायकोशी आपण खोटं बोललो म्हणून, माझ्यावर पांघरूण घालायला बोललो म्हणून. सांगायला एकदा तोंड उघडलं तर मी टेप संपवली.

मी त्या दुपारी ऑफिसात नव्हतो. आईजवळ दहा मिनिटं बसलो, ऑफिसची घाई आहे म्हणून उठलो आणि फाटकासमोरच्या हॉटेलात जाऊन बसलो. दोन तास. समोर तिच्या वॉर्डाची खिडकी दिसत होती. एकामागून एक चहा मागवत होतो, आत जायचं धाडस होत नव्हतं. सायकलवरून निरोप्या ऑफिसकडं जाताना मी बघितला आणि मागच्या गल्लीतून ऑफिस गाठलं, तिथं आई गेल्याचा निरोप ऐकला. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही, रुद्राणीलाही नाही.

लालसाब शेजारीच बसला होता. त्याच्यासमोर बोलायची लाज वाटली. म्हणून मी आप्पांच्या समोर सरकलो आणि आवाज न काढता, ओठ मोठे करून, एकेक शब्द तोंडात नीट घडवून सांगितलं, *खोटं नव्हतं. मी बाहेरच होतो. फाटकासमोर.*

आप्पांना ते एकदाच सांगावं लागलं.